ऑपरेशन दोन तासांचं, जिना तीन मजल्यांचा

पत्र :
ताई, नमस्कार. मी 41 वर्षांचा, मूळचा लालबागचा, सात वर्षं झाली स्टुटगार्टला आहे. बायको इथेच नोकरी करते, मुलगी दुसरीत. 2021 मध्ये मुंबईत आलो होतो तेव्हा कोविड झाला, स्टिरॉइड्स द्यावी लागली. पुढे डावा खुबा दुखायला लागला, मला वाटलं फुटबॉलमुळे असेल. एमआरआय केला तर एव्हीएन निघालं. आता हाडाचा गोळा खचलाय, खुबा बदलावा लागणार असं इथल्या दोन डॉक्टरांनी सांगितलंय. तारीख अकरा आठवड्यांनंतरची मिळालीये. आई म्हणते, परक्या देशात सुरी लावून घेऊ नकोस, इकडे पुढच्या गुरुवारी करून देतायत. मुंबईतल्या हॉस्पिटलने 4 लाख 60 हजारांचं एस्टिमेट पाठवलंय. इथे इन्शुरन्समुळे जवळजवळ फुकट आहे. पण इथे आपलं कोणी नाही, माझं जर्मन कामचलाऊ, भूल देताना काय बोलतील ते तरी कळेल का? तिकडे आई आहे, आईच्या हातचं जेवण आहे, चाळीतली पोरं म्हणतायत की तुला खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर उचलून नेऊ. आई रोज फोनवर रडते. आता भारतातली मेडिक्लेम काढली तर चालेल का? काय करू?
– एक लंगडता लालबागकर

लालबागकरा, तुला अरे-तुरे करते हं, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. त्यात आई चार वेळा आलीये, पैसे दोनदा आणि बायको एकदा, तेही नोकरी करते एवढंच. म्हणजे प्रश्न हॉस्पिटल कुठलं हा नाहीचे रे, तुला भीती वाटतेय आणि आई हवीये, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. 26 वर्षं मी परळच्या एका हॉस्पिटलात बिलिंगच्या खिडकीवर बसले, चांगले मिशीवाले पन्नाशीचे इन्स्पेक्टर ऑपरेशनच्या आदल्या रात्री "आईला फोन लावून द्या" म्हणताना ऐकलेत. पण आई हवी म्हणून ऑपरेशन मुंबईत, हे गणित चुकतंय. आईला तिकडे नेता येतं, खुब्याचं पुढचं सगळं विमानात घालून नेता येत नाही.

तर माझं मत आधीच सांगून टाकते, स्टुटगार्टला कर. आणि हे तिकडचे डॉक्टर भारी आणि आपले कमी म्हणून नाही. मुंबईत खुबे-गुडघे बदलणारे एकेक सर्जन असे आहेत की बाहेरून डॉक्टर शिकायला येतात. ऑपरेशन दोन्हीकडे साधारण दोन तासांचंच आहे. त्या दोन तासांवरच सगळे बोलतात, आणि नंतरचे तीन महिने आणि नंतरची वीस वर्षं कुणाच्या गळ्यात, ते कोणी विचारत नाही.

आधी ते गुरुवारचं प्रकरण मिटवू. एव्हीएन म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडतो, हाड आतून मरतं आणि मग एक दिवस गोळा चेपतो, अंड्याचं कवच दाबलं जावं तसा. स्टिरॉइड्स आणि दारू ही त्याची दोन मोठी कारणं, आणि कोविडमध्ये स्टिरॉइड्स घेतलेल्यांत हे पुढे दिसायला लागलं, मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्येच त्यावर बोंब मारली होती. गोळा शाबूत असतो तेव्हा धावपळ करण्यात अर्थ असतो, कारण तेव्हा हाडात ड्रिल करून तो वाचवायचा प्रयत्न करता येतो. तुझा खचलाय. आता जो सांधा काढूनच टाकायचाय त्याच्यासाठी अकरा आठवडे म्हणजे त्रास आहे, दुखणं आहे, पण सहसा इमर्जन्सी नाही. तरी तुझ्या डॉक्टरला सरळ विचार की थांबल्याने माझ्या केसमध्ये काही बिघडणार आहे का, आणि कोणाचं रद्द झालं तर मला बोलवा म्हणून नाव देऊन ठेव, बायपासच्या तारखासुद्धा अशा अलीकडे आलेल्या मी पाहिल्यात.

आता तुमचा जिना. मला लालबागच्या चाळींचे जिने माहितीयेत बाबा, लाकडी, अरुंद, मधल्या वळणावर पायरी तिरकी आणि कठड्याला हात लावला तर तो हलतो. चार पोरं तुला खुर्चीत घालून वर नेतील, नेतीलच, चाळ आहे ती. पण मग? घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी ड्रेसिंगला खाली, बाराव्या-चौदाव्या दिवशी टाके काढायला खाली, एक्स-रेला खाली, आणि दर वेळी चौघं कामावरून थोडीच येणार आहेत. आणि संडास गॅलरीच्या टोकाला, भारतीय बैठकीचा. नवीन खुबा बसवल्यावर पहिले काही आठवडे मांडीचा काटकोन मोडून खाली वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, पाय एकमेकांवर टाकायचे नाहीत, मांडी घालायची नाही, नाहीतर सांधा निखळू शकतो. म्हणजे कमोडची खुर्ची आणायची, ती ठेवायची कुठे, रिकामी करायची कोणी? आईने. आईचं वय तू लिहिलं नाहीस पण तू 41 म्हणजे ती साठीच्या पुढे असणारच. तुला वाटतंय आई तुझी सेवा करेल, मला दिसतंय की तुझी आई बादली घेऊन गॅलरीतून चालतेय. (आणि भेटायला येणारे! शहाळी, सफरचंदं आणि "आमच्या मेव्हण्याचं असंच झालं होतं, बिचारा परत उठलाच नाही" असल्या गोष्टी घेऊन. नुकत्या बसवलेल्या सांध्याला जंतू लागणं हे सगळ्यात वाईट, आणि दहा बाय बाराच्या खोलीत दिवसाला पंधरा माणसं.)

परत जाण्याचा विचार केलायस का? खुब्याच्या ऑपरेशननंतर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून साधारण महिनाभर रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन किंवा गोळी देतात. लांबच्या विमानात आखडून बसलं की तो धोका आणखी वाढतो. डॉक्टर माणूस बघून सहा आठवडे सांगतात, कोणी तीन महिने. मुंबई-फ्रँकफर्ट नऊ तास, त्यात स्टुटगार्टला इथून थेट विमान नाही म्हणजे पुढे ट्रेन नाहीतर दुसरं विमान, कुबड्या, बॅगा. म्हणजे किमान दोन-अडीच महिने तू इथे. बायकोला एवढी सुट्टी नाही, आणि मुलीला शाळा चालू असताना आणून ठेवता येणार नाही कारण जर्मनीत शाळेची सक्ती कडक, कारणाशिवाय गैरहजर ठेवलं तर आईबापांना दंड होतो. म्हणजे त्या दोघी तिकडे, तू इकडे. त्या सात वर्षांच्या पोरीला काय सांगणार आहेस, बाबा पाय बदलायला आजीकडे गेलेत?

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते, मग तुला कळेल मी एवढी का आडवी येतेय. माझे दीर आखातात होते. गुडघा मुंबईत करून घेतला, छान झाला, सर्जन उत्तम. सुट्टी संपत आली म्हणून सोळाव्या दिवशी विमानात बसले, कोणाचं ऐकलं नाही. तिकडे उतरल्यावर चार दिवसांत पोटरी टम्म, गुठळी. तिथल्या डॉक्टरने इलाज केला, आणि मग पहिला प्रश्न विचारला की आत इम्प्लांट कुठल्या कंपनीचं, कुठल्या मापाचं? डिस्चार्ज कार्डावर नुसतं "टीकेआर लेफ्ट डन", म्हणजे डावा गुडघा बदलला, एवढंच आणि खाली एक सही, वाचता न येणारी. इम्प्लांटच्या डब्यावर स्टिकर असतात बघ, त्यावर कंपनी, साइज, लॉट नंबर, सगळं असतं, ते ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर केसपेपरला चिकटवते. तो केसपेपर रेकॉर्ड रूममध्ये गेलेला. त्या हॉस्पिटलचं नाव नाही सांगत, पण तीन दिवस मी तिथे खेटे घातले, मी, जिची आख्खी नोकरी असल्या फायली हलवण्यात गेली. तिसऱ्या दिवशी तळघरात एका मावशींनी गठ्ठ्यातून फाईल काढली, शेवटच्या पानावर चार स्टिकर होते, एक अर्धा फाटलेला. फोटो काढून पाठवले. दीर बरे आहेत आता. पण अजून त्या गुडघ्याचं काही कुरकुरलं की तिकडचा डॉक्टर म्हणतो ज्याने केलं त्याला विचारा आणि इकडचा म्हणतो प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कसं सांगू. दोघंही खोटं बोलत नाहीयेत.

तू 41 चा आहेस. आजचे खुबे वीस-पंचवीस वर्षं टिकतात बऱ्याच जणांचे, पण तुझ्या वयात बसवला तर कधीतरी दुसऱ्यांदा करावा लागण्याची शक्यता धरूनच चालायचं. ज्या शहरात तू राहणार तिथल्याच कोणीतरी तो दरवर्षी बघावा ना? जर्मनीत इम्प्लांटचा छोटा पास देतात पाकिटात ठेवायला, आणि 2012 पासून त्यांची सांध्यांची रजिस्ट्री आहे, कुठल्या कंपनीचा सांधा किती टिकला याची नोंद तिथे राहते.

एक फरक मात्र तुला आधीच सांगून ठेवते, नाहीतर तिकडे गेल्यावर बावरशील. मुंबईत आपण डॉक्टर निवडतो. अमुक सरांकडेच करायचं, मग सर तीन हॉस्पिटलांना अटॅच असले तर जिथे सर तिथे आपण. तिकडे साध्या सरकारी इन्शुरन्सवर तू हॉस्पिटल निवडतोस, आत कुठला सर्जन ते त्यांचं रोस्टर ठरवतं, मोठ्या साहेबांनीच करावं असं वाटत असेल तर त्याचे वेगळे पैसे नाहीतर वेगळी पॉलिसी. आपल्याला हे विचित्र वाटतं. म्हणून सर्जनच्या नावाऐवजी हॉस्पिटल वर्षाला किती खुबे करतं ते बघ, तिथल्या हॉस्पिटलांना कायद्याने गुणवत्तेचा अहवाल छापावा लागतो, त्यात कुठली ऑपरेशनं किती झाली ते आकडे असतात. बायकोला बसव शोधायला, तिचं जर्मन तुझ्यापेक्षा बरं असेल असा माझा अंदाज आहे.

आणि मुख्य म्हणजे तिकडची रेहा, म्हणजे ऑपरेशननंतर माणसाला परत नीट चालतं-फिरतं करायची व्यवस्था. इथे काय होतं, चौथ्या-पाचव्या दिवशी घरी, मग फिजिओ येतो, पाऊण तास व्यायाम, त्यातली दहा मिनिटं चहा आणि क्रिकेट, आणि तो गेल्यावर आई म्हणते झोप रे बाळा, दमलास. तिकडे हॉस्पिटलमधून सुटल्यावर साधारण पंधरवड्याच्या आत रेहा सेंटरला पाठवतात, तीन आठवडे, दिवसभराचं टाइमटेबल, पाण्यातले व्यायाम, जिना कसा चढायचा, मोजे कसे घालायचे इथपर्यंत. तुझ्या खिशातून दिवसाला 10 युरो, हॉस्पिटलला पण तेवढेच. याचा फॉर्म हॉस्पिटलमधल्या सोशल सर्व्हिसच्या टेबलावर भरतात, ऑपरेशन होईपर्यंत थांबू नकोस, आधीच जाऊन भेट. ऑपरेशन मुंबईत केलंस तर हे सगळं मिळेलच असं धरू नकोस.

पगाराचं पण तसंच. आजारपणात पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, नंतर क्रांकेनकासे, म्हणजे तुझी तिथली आरोग्य विम्याची संस्था, एकूण पगाराच्या 70 टक्क्यांपर्यंत. पण युरोपबाहेर जाऊन बसलास तर ते नंतरचे पैसे साधारणपणे थांबतात. कोणी ग्रुपवर "काही होत नाही रे" म्हणालं तरी कासेकडून लेखी घे. आणि मुंबईतल्या ठरवून केलेल्या ऑपरेशनचं बिल तर कासे देणारच नाही, प्रवासाचा इन्शुरन्स पण नाही, तो अचानक आजारी पडलात तर असतो. मेडिक्लेमचं विचारलंस, अरे राजा, आता काढून काही उपयोग नाही. पहिले 30 दिवस अपघात सोडून काही नाही, सांधेबदलीला बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं, आणि आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात. लपवून काढलीस तर एमआरआयची तारीखच तुला पकडून देईल. क्लेम रिजेक्ट झालेली माणसं माझ्या खिडकीसमोर कशी उभी राहायची ते मला विचार.

आता भाषा. ही भीती खरी आहे, हिला मी हसणार नाही. पण जर्मन कायद्यातच आहे की ऑपरेशनची आणि भुलीची माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत आणि विचार करायला वेळ मिळेल इतकी आधी द्यायची, आणि सही केलेल्या कागदांची कॉपी तुला द्यायची. दुभाष्याचे पैसे कासे सहसा देत नाही, पण भुलीचे डॉक्टर बहुतेक इंग्रजी बोलतात, आधीच सांग की मला इंग्रजीत बोलायचंय, कन्सेंटचे फॉर्म आठवडाभर आधी मागून घे आणि घरी बसून एकेक ओळ लावून वाच. त्या भेटीला बायको सोबत. दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय, पाय बधिर, लघवीला जायचंय, एवढे शब्द जर्मनमध्ये पाठ कर, बाकीचं खाणाखुणांवर. आणि खरं सांगू, मुंबईत तरी कुठे सगळं मराठीत चालतं? राउंडला सर येतात, इंग्रजीत दोन वाक्यं बोलतात, मागचे सहा ज्युनिअर माना डोलावतात आणि पुढच्या बेडकडे जातात, मग पेशंट माझ्या खिडकीवर येऊन विचारायचा, मॅडम, सर काय म्हणाले?

जेवणाचं मात्र तुझं खरं आहे, तिथे तू हरणार. संध्याकाळी साडेपाच-सहाला गार पाव, चीजचे दोन काप आणि काकडी, आणि त्याला ते जेवण म्हणतात. बायकोला डब्यातून मऊ भात आणि मेतकूट न्यायला सांग, भेटायच्या वेळेत.

आई. आता नीट ऐक, कारण इथे लोक घोळ घालतात. आईला ऑपरेशनच्या दिवसासाठी बोलवू नकोस. तिकडे हॉस्पिटलात नातेवाइकाला सहसा रात्री थांबू देत नाहीत, आपल्यासारखी पेशंटशेजारी बाकावर उशी घेऊन झोपायची सोय नाही, आणि नंतर तू तीन आठवडे रेहाला. म्हणजे महिनाभर ती माउली परक्या घरात एकटी, सून कामावर, नात शाळेत, हीटर कसा लावायचा ते कळत नाही, आणि व्हिसाचे 90 दिवस त्यातच चाललेत. रेहा संपवून तू घरी येशील त्याच्या दोन दिवस आधी तिचं विमान उतरू दे. तेव्हा तू कुबड्यांवर चालत असशील, पोळी-भाजी मागत असशील, आणि तिला खरंच काम असेल. व्हिसाला किमान 30,000 युरोचा प्रवास इन्शुरन्स लागतो, आणि तिचा खर्च मी उचलीन असं तुझ्याकडून ते लांबलचक नावाचं हमीपत्र, ते तिथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून घ्यायचं, तिथली अपॉइंटमेंट वेळेत मिळत नाही म्हणे, तर या कामाला आजच लाग. तिला सांग की तुझं काम चौथ्या-पाचव्या आठवड्यात सुरू होतंय. रडणाऱ्या आईला तारीख दिली की ती रडायची थांबते आणि भाजणी करायला घेते. आणि स्टुटगार्ट काही अगदी परकं नाही म्हणावं, 1968 पासून मुंबईची बहीण आहे ते, दोन्ही शहरांनी रीतसर सह्या केलेल्या.

एवढं सांगूनही तू येणारच म्हणालास तर? काहींना मुंबईच बरोबर असते, हे पण खरं. ज्यांच्याकडे तिकडचा इन्शुरन्स नाही, ज्यांना दीड वर्षाने नंबर मिळतो, जे सहा महिन्यांत कायमचे परतच येणार आहेत, त्यांना मी स्वतः म्हणेन या. तुझं यातलं काही नाही. पण आलास तर चाळीत नको, लिफ्टवाली आणि कमोडवाली जागा तीन महिन्यांसाठी भाड्याने बघ. एस्टिमेट घेताना इम्प्लांट कुठलं, त्याची किंमत आत धरलीये का, आणि रूमचा क्लास कुठला ते लिहून घे, कारण बऱ्याच ठिकाणी तोच सर्जन, तेच थिएटर, तोच सांधा, पण ट्विन शेअरिंगचं सिंगल केलं की फक्त खोलीचं भाडं नाही, ऑपरेशनची फी, भुलीची फी, सगळ्याचा रेट वर जातो, लोकांना हे फायनल बिल हातात आल्यावर कळतं. 2017 मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली ती गुडघ्याला, खुब्याला तीच लागू आहे समजून भांडायला जाऊ नकोस. आणि स्टिकर, बाबा, स्टिकर! डिस्चार्जच्या आधी, बिल भरायच्या आधी, सगळ्या स्टिकरचे फोटो, ऑपरेशनच्या नोटची टाइप केलेली कॉपी, एक्स-रेची सीडी. नंतर तिकडे कुठल्याही हॉस्पिटलात भरती झालास तर भारतात ॲडमिट होतो हे सांगून टाक, नाकात-बिकात कापूस फिरवून रेझिस्टंट जंतू बघतात आणि रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवू शकतात, घाबरायचं नाही.

एक राहिलं, आणि हे दोन्हीकडे लागू. दात दाखवलेस का? किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतात, म्हणून ऑपरेशनआधी दातांचं काय ते उरकून घ्यायचं असतं. तिकडे डेंटिस्टची तारीख पण लगेच मिळत नाही असं ऐकते, तर हे वाचून झालं की आधी तो फोन कर, आईला नंतर.